नातीच्या कम्प्युटरातलं पाणी

बाबा, तू जिच्यात मेलास त्या विहिरीचा गाळ उद्या काढायचा आहे आणि खाली माझा मुलगा उतरणार आहे. म्हणून लिहायला बसले. शाळा दुसरीपर्यंत, अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, चालवून घे.

त्याची मुलगी सुट्टीवर आली आहे, मुंबईला शिकते. कम्प्युटराने छापलेला, कडेला भोकं पाडलेला लांबलचक कागद पडवीत पसरून बसते, त्यावर नुसते आकडे. मी विचारलं, "हे काय गो?" म्हणाली, "पाणी आहे, आजी. कम्प्युटरात पाण्याचे कण घालायचे, त्यांत वायूचे कण सोडायचे. कोण आत राहतो, कोण सुटतो, ते तो मोजतो." म्हटलं, "पाणी नाही, वायू नाही, मग बघतेस काय, कपाळ?" "खऱ्या पाण्यात ते दिसत नाही ना, म्हणून." त्या यंत्राला म्हणे थंड हवेची खोली लागते. इथे माणसाला पंखा नाही.

"प्राणवायू पाण्यात विरघळतो," ती म्हणाली. मला 'प्राण' तेवढंच ऐकू आलं. मग तिने सोड्याच्या बाटलीचं सांगितलं. गोळी दाबली की बुडबुडे येतात, तो वायू वेगळा, पण तोही आधीपासून पाण्यातच दडलेला असतो. विहिरीच्या कुजक्या गाळातही असतो. ढवळलं की सुटतो, आणि जड म्हणून तळाशीच साचतो. त्यात माणूस गुदमरतो.

इतकी वर्षं आम्ही म्हणत आलो, तुला पाण्यातल्या गिऱ्याने ओढलं. दरवर्षी त्या भुताला कोंबडा दिला, मीच दिला. तो होता तोवर मला झोप लागत होती. पोरीने त्याला पुसून टाकलं आणि विहिरीपाशी मी एकटी उरले.

त्या दिवशी सकाळी तू कंदील खाली सोडलास, तो जळत राहिला म्हणजे खाली हवा चांगली, म्हणून तू उतरलास. अर्धा गाळ उपसून पेज जेवायला वर आलास. पुन्हा उतरताना विचारतोस, "कंदील सोडून बघितलास काय गो?" मी काठावर करवंदं खाते आहे. सकाळी जळला, आता काय होतंय त्याला. "होय, पेटता हाय," म्हणते. तू दोर धरतोस.

काल जेवताना मुलगा म्हणाला, "सकाळी एकदा कंदील सोडला की झालं." नात म्हणाली, "नाही पप्पा, गाळ ढवळल्यावर पुन्हा सोडायचा. आजी, पणजोबांनी सोडला होता का?" म्हटलं, "तो हट्टी. नको म्हणाला." मुलगा हसला, "मग मी त्याच्यावरच गेलोय."

हसला म्हणजे तो दुसऱ्यांदा सोडणार नाही. खरं सांगितलं तर सोडेल. उद्याच्या पेजेपर्यंत वेळ आहे, आणि सकाळपासून माझी जीभ टाळ्याला चिकटली आहे, जिला अख्खी वाडी भिते ती. हा कागद चुलीत जाईल. तुझ्यावर ढकललं, बाबा. तू उलट बोलत नाहीस म्हणून.