आपल्या माळावरचं गवत

डेहराडून

प्रिय अव्वा,
तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

हितं थंडी लई, पण तुझी चादर पुरते. मेसच्या चपात्या कच्च्या असतात, तरी पोटभर खाते. तुझा गुडघा कसा आहे?

मला शिष्यवृत्ती मिळाली! विषय आपला वळसंगचा माळ, त्यावरचं गवत आणि त्यात अंडी घालणारे पक्षी. तू जन्मभर गवत खुरपून काढलंस, आणि मला ते राखायला पैसे देतायत. हसू नकोस की!

पण अप्पा फोनवर म्हणाले, माळ पडीकच आहे, जेसीबी लावून पेरायला रान करतो. त्यांना समजवायला तूच हवीस, म्हणून तुला लिहितेय. माळच गेला तर मी शिकू कशावर? मी उन्हाळ्यात येईपर्यंत त्यांना थांबव.

नाहीच ऐकलं, तर येऊन जेसीबीपुढं बसेन. तू फक्त माझी भाकरी माळावर पाठव.

तुझीच हट्टी लेक,
सिद्धेश्वरी