गोऱ्ह्यासोबत जन्मलेली

प्रिय प्रणित,

'प्रिय' हे हाताच्या सवयीनं लिहून गेले, मनावर घेऊ नको. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून मुका बसतोस, म्हणून कागद. गोंडपिपरीच्या गुरांच्या दवाखान्यात तुझी डॉक्टरची खुर्ची आहे ना, तिथंच पाठवते. चारचौघांत फोडलंस तरी चालेल.

तुझ्या तोंडी परीक्षेच्या आधीचे दिवस आठवतात? कुरखेड्याला आमच्या घरामागच्या सांदवाडीत बसून तू पाठ म्हणायचास आणि मी मोहफुलं निवडत ऐकायची. गायीच्या गर्भाशयाची शिंगं मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली, डुकरिणीची आतड्यासारखी लांबच लांब, घोडीचं मधलं अंग मोठं आणि शिंगं आखूड, बाईला शिंगंच नाहीत, एकच पिशवी, उलट्या पेरूसारखी. आई लाजून आत पळायची. तू चुकलास की मीच टोकायची. गायीला गोऱ्हा-कालवड असं जुळं झालं की पोटातच दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जुळतात, गोऱ्ह्याचं रक्त कालवडीत जातं, तिचं गर्भाशय धड घडतच नाही आणि ती बहुधा वांझ निघते, हे तूच सांगितलंस. हे गायीचं, शेळीत क्वचित आणि बाईत नाहीच, हेही तूच. मी म्हटलं, बरं झालं बाप्पा, मी अन् प्रफुल्ल जुळेच आहोत. किती हसलास तेव्हा!

आणि आपल्या साक्षगंधाच्या, साखरपुड्याच्या दिवशी? गुणाआत्यानं कौतुकानं सांगितलं, आमचं लेकरू भावासंगच जन्माला आलं. तुझ्या बाबांनी, नानाजींनी, चहाचा कप खाली ठेवला. भरल्या मांडवात म्हणाले, "गोऱ्ह्यासंग जन्मलेली कालोड आमी दावणीले ठेवत नाई." सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. डॉक्टर तू होतास ना रे तिथं! तू चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलास. माझ्या बाबांनी तुझ्यापुढं हात जोडले, म्हणाले, तुमीच सांगा डॉक्टरसाहेब. तू आणखी एक शेंगदाणा उचललास आणि साक्षगंध तिथंच मोडलं.

नानाजींवर माझा तेवढा राग नाही. त्यांनी जन्मभर गोठा पाहिला आणि गोठ्यात त्यांचं खरंच आहे. पण गावातल्या शेळ्या पाट-बोकड असं मादी-नर जुळं देतात, त्याच पाटी मोठ्या होऊन पिल्लं देतात, हे त्यांना दिसलं नाही, आणि ते दाखवायला तू होतास. डुकरीण तर एका खेपेला नर-मादी अशी गर्दीच घालते. तुझ्या बाबांचा नियम सगळ्यांना लागला असता तर डुकरं केव्हाच संपली असती.

पुढचं ऐक. बातमी फिरायला वेळ लागत नाही. आता स्थळ आलं तर अंगणातूनच परत जाते. गुणाआत्याच्या सुनेच्या, चंचलवहिनीच्या डोहाळजेवणाला ओटीचं ताट घेऊन उठले, तर गुणाआत्यानंच माझा हात धरला आणि म्हणाली, तू पुऱ्या लाट. ज्या आत्यानं मला अंगाखांद्यावर खेळवलं, तिनं! मी लाटल्या. रडत लाटल्या. आणि सगळ्यात वाईट सांगू? तुझा सगळा पाठ मला तोंडपाठ असून मी गडचिरोलीला जाऊन चोरासारखी सोनोग्राफी करून आले. डॉक्टरबाई विचारत होत्या, पाळी वेळेवर येते, दुखत नाही, खुपत नाही, मग काऊन आली? काय सांगू त्यांना, गोठ्यातून आली म्हणून? सगळं नीट आहे. ते मला आधीच माहीत होतं, तरी गेले. एवढं तू मला खाल्लंस.

आता पत्राचं कारण. परवा नानाजींचा निरोप आला. तुझी बहीण प्रिया आमच्या प्रफुल्लला द्यायची म्हणतात. जुळ्यातला गोऱ्हा चांगला निघते म्हणे! प्रिया आणि प्रफुल्ल एकमेकांना कधीचे पसंत आहेत, हे तुलाही ठाऊक आहे. प्रफुल्ल म्हणाला, "बाई, तू नाई म्हण, मी आत्ताच नाई म्हणतो." मी हो म्हटलं. माझ्यासोबत झालं ते मी त्या पोरीसोबत करणार नाही. पण साक्षगंध आमच्याच अंगणात होईल आणि नवरीचा भाऊ म्हणून तू येशीलच. चहा येण्याआधी उभा राहायचं आणि नानाजींसमोर, गुणाआत्यासमोर सगळा पाठ म्हणायचा, गाय, शेळी, डुकरीण, बाई. मला परत मागायचं नाही, मी येणार नाही. फक्त पाठ म्हणायचा. तुझी जीभ पुन्हा शेंगदाण्यात अडकली तर मी उभी राहीन, एक शब्द न चुकता सगळं सांगेन, आणि हे मला कोणी शिकवलं तेही तुझ्या बाबांना तिथंच सांगेन.

आता तुझी नसलेली,
दिव्यानी