जुळलं तर फोन नाही

३ नोव्हें., सोम.
कॉम्प्युटरला मराठी शिकवायचं काम. कुठले शब्द जोडीनेच वाचायचे ते रंगवून द्यायचं. 'डोळा लागला' म्हणजे झोप, हे त्या बिचाऱ्याला कुठलं कळायला! तीच वाक्यं मी इथे कोरीट गावात रंगवते, विलास म्हणून एक जण तिकडे खापर गावात. जुळलं नाही तर फोनवर मिटवायचं. आज 'मिरची बाजार भाव'वरून जुंपली. सारखं ताई, ताई करतो. डोकं फिरलं.

६ नोव्हें., गुरु.
'पोटात कावळे ओरडतात.' विलास म्हणे, "कावळा वेगळा ठेवू, पक्षी आहे, उडून जाईल." हसून पुरेवाट. आज एकदाही ताई नाही.

१२ नोव्हें., बुध.
सगळं जुळलं. फोन नाही. घर खायला उठलं.

१३ नोव्हें., गुरु.
'तालुका कृषी अधिकारी' मुद्दाम तोडलं, शब्द सुटे सुटे रंगवले. आला फोन! "अधिकारी वावरमा उगना का?" पहिल्यांदाच अहिराणीत बोलला. मग मीही सोडते होय! भांडण ऐकून आई स्वयंपाकघरातून, "कोनासंगे इतली भांडी ऱ्हायनी वं?"

१९ नोव्हें., बुध.
रोज दोनचार तोडत होते. भोवलं. काम देणाऱ्या पुण्याच्या मॅडमचा दोघांना मेसेज: वाद फार वाढलेत, असंच चाललं तर एकालाच ठेवू. त्याच्या घरी हा एकच पगार, तोच बोलला होता परवा. माझ्या चाळ्यांपायी त्याचं काम जायचं. बास. आता नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
इमानदारीने रंगवलं. सगळं जुळलं. मॅडम खूश.
नंबर आहे की माझ्याकडे. पण कामाशिवाय काय म्हणून लावू? जेवलात का, असं? शी.

२५ नोव्हें., मंगळ.
आजही जुळलं. कापूस वेचायला गेले तरी मोबाइल ओढणीला बांधून. आवाज ऐकायचाय त्याचा. कशावरूनही भांडू दे, पण

२८ नोव्हें., शुक्र.
आजचा निकाल आला. माझं सगळं बरोबर. त्याने 'जिवावर आलं' तोडलंय. 'पाठ फिरवली' तोडलंय. 'बस स्टँड'सुद्धा! असली चूक हा माणूस तापातही करणार नाही. वेडा कुठला. मॅडमचा मेसेज त्यालाही गेला होता ना? खाली त्यांनी लिहिलंय, सोमवारी एकाला कमी करते.
काम घालवून बसेल हा. चांगला झापणार आहे त्याला. आणि मी मेली इथे आनंदाने रडतेय.
फोन वाजतोय.