गेझीनला काय द्यायचं

मी, डेटलेफ वीबुश, जन्म १९५४, राहणार पाइने, 'दुसरा गल्ला' या बँडचा किबोर्डवादक आणि म्होरक्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो आहे. डॉक्टरांच्या मते माझं डोकं ठिकाणावर आहे, बिघडलंय ते स्वादुपिंड. कुणाचा धाक नाही, सकाळपासून बिअरला हात लावलेला नाही. आमच्याकडे हस्तलिखित मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी शेजारच्या टीडये बाई आणि आमचा जुना ड्रमर ओटफ्रीड यांना मी स्वयंपाकघरात बसवून ठेवलंय. एकट्यानं लिहिलं की मी स्वतःची बाजू रंगवतो, ही जुनी खोड आहे.

कलम १. घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी आन्के हिला. तळघराच्या भिंतीला ओल आहे. मी तिथं कपाट लावून ठेवलंय, ते तिनं हलवावं.

कलम २. दोन्ही किबोर्ड गावच्या संगीतशाळेला. मुलांनी त्यावर काय हवं ते वाजवावं, फक्त आमचं ते एक गाणं सोडून. ते मी फर्निचरच्या दुकानांच्या उद्घाटनांना आणि नेमबाजांच्या जत्रेतल्या तंबूंत इतक्या वेळा वाजवलंय की त्या पट्ट्या झिजल्या आहेत.

कलम ३. गिटारवाला एकहार्ट याला त्याची चामड्याची विजार परत. १९८४ साली मी ती धुऊन आटवली असं तो अजून सांगत फिरतो. विजार होती तेवढीच आहे, एकहार्ट फुगला. दुसरं काही त्याला देऊ नये.

कलम ४. माझी धाकटी बहीण गेझीन. हिला काय द्यायचं, यावर मी तीन दिवस अडून बसलोय.

बँडची गायिका ती. सुपरमार्केटात गल्ल्यावर बसायची. रांग लांबली की गिऱ्हाइकं ओरडायची, "दुसरा गल्ला उघडा की", त्यावरून आमचं नाव पडलं. गेझीन बोलताना अडखळते. गाताना कधीच अडखळली नाही. आई भांडी घासता घासता म्हणायची, "पोरी, तू भाजीपण गाऊनच मागत जा."

१९८३च्या मार्चमध्ये आम्हाला टीव्हीवर बोलावलं. कार्यक्रम थेट, पण गाणं रेकॉर्डवरचं, आम्ही नुसते ओठ आणि बोटं हलवायची. माझ्या किबोर्डला वायरसुद्धा जोडलेली नव्हती. गाण्याआधी निवेदकानं गेझीनपुढे माइक धरला. "एरवी काय करता आपण?"

"मी ग... ग... ग..."

आठच्या बातम्यांना थोडाच वेळ उरला होता. मी पुढे वाकलो आणि माइकमध्ये म्हणालो, "बातम्या अर्धा तास पुढे ढकला."

सगळा स्टुडिओ हसला. गेझीनही हसली, कारण कॅमेरा तिच्यावर होता. मग रेकॉर्ड लागली आणि तिनं ओठ हलवले.

गाणं नवव्या क्रमांकावर गेलं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते माझं वाक्य. पुढच्या तीन वर्षांत ती माइकजवळ आली, नुसतं "नमस्कार" म्हणायला तोंड उघडलं, की तंबूभर लोक ओरडायचे, "बातम्या पुढे ढकला." आम्ही ते टी-शर्टांवर छापून विकलं. मीच छापून घेतलं. आधी तिनं स्टेजवर बोलणं सोडलं, मग मुलाखतीत, मग घरी माझ्याशी फोनवर. १९८६ साली ती गल्ल्यावर परत गेली. आम्ही पेपरवाल्यांना सांगितलं, घसा बिघडलाय. तिच्यानंतर मी चार गायिका आणल्या आणि २०२० पर्यंत बँड ओढला. एकही तिच्यासारखी गात नव्हती. लाज वाटते मला, पण ती तेव्हा वाटायला हवी होती.

आईच्या अंत्यविधीनंतर कॉफी आणि केक चालला होता. गेझीन माझ्याशेजारी येऊन बसली. एक वाक्य बोलायला तिला किती तरी वेळ लागला आणि मी पहिल्यांदा गप्प बसून ऐकलं. "डेटलेफ, ते तुझ्या तों... तोंडातून निसटलं. मी कधीच म... माफ केलंय." मी मान हलवली. तिचा हातही हातात घेतला.

ते निसटलं नव्हतं. टीव्हीवाल्यांचे प्रश्न आठवडाभर आधी पत्रानं आले होते. ती कुठल्या शब्दावर अडणार हे तिच्या भावाला नाही तर कुणाला कळणार? स्टुडिओकडे जाताना हॅनोवर सोडल्यापासून मी गाडीत ते वाक्य मनात घोळवत होतो. दोनदा शब्द बदलले. ओटफ्रीड चालवत होता, त्याला म्हणूनही दाखवलं.

हे लिहून मी मोठ्यानं वाचलं. ओटफ्रीड टेबलाकडे बघत म्हणाला, "मी पण हसलो होतो रे. हेही लिही." लिहिलं.

टीडये बाई म्हणाल्या, "अहो वीबुश, बहीण जिवंत आहे ना तुमची?"

"आहे. हिल्डेसहाइमला. गाडीनं चाळीस मिनिटं."

"मग हे तिला तुम्ही मेल्यावर कशाला कळवताय? म्हणजे तिनं तुमच्या थडग्याशी भांडायचं का?"

नेमकं तेच माझ्या मनात होतं. मेल्यावर कुणी तोंडावर शिव्या घालत नाही.

म्हणून कलम ४ असं: गेझीननं मला दिलेली माफी खोट्यावर घेतलेली आहे. ती माझी नाही आणि मी ती तिला परत करतो. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, तर येत्या रविवारी, १६ तारखेला, दुपारी तीन वाजता तिच्या घरी लागू होईल. मी स्वतः वाचून दाखवीन. मला स्वतःचा भरवसा नाही, म्हणून याची एक प्रत टीडये बाईंकडे ठेवतो. सोमवारी सकाळपर्यंत मी तिच्याकडे जाऊन आलेलो नसेन तर त्यांनी ती पोस्टात टाकावी. ती प्रतही माझ्याच अक्षरात आहे.

वाचून झाल्यावर गेझीन जे बोलेल, त्याला लागेल तेवढा वेळ लागेल. मी मध्ये बोलणार नाही.

साक्षीदार:
हानेलोरे टीडये (सही)
ओटफ्रीड क्लागेस (सही), गाडीत होतो

डेटलेफ वीबुश (सही)
पाइने, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५