कॅसेटवर नसलेलं वाक्य

आई, पंधरा दिवसांपूर्वी आमच्या लॅबमध्ये एका प्रोग्रामने तुझं एक वाक्य पडद्यावर आणलं, म्हणून लिहिते आहे. एरवी गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांतली मी नाही.

कॉलेजसाठी मी नवा विषय आखते आहे: संगणकाने मजकूर कसा वाचावा, शब्द कसे मोजावेत, एका शब्दामागून कुठला येतो हे कसं शिकावं. सरावाला इंग्रजी मजकूर हवा तेवढा मिळतो. घरातलं मराठी बोलणं मिळत नाही. म्हणून तुझ्या कॅसेटी उतरवून काढल्या. इथे दिल्लीत, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून तू आजीशी बोलायचीस आणि साताऱ्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती कॅसेट द्यायचीस. मी मध्ये बोलले की बटण दाबून म्हणायचीस, "आजीला माझं ऐकू दे. तुझी टकळी सगळी कॉलनी ऐकतेच आहे."

माझी एक विद्यार्थिनी मराठी घरातली, पण वाढली इथेच. मजकूर वाचून म्हणाली, "मॅम, तुमच्या आई डेंजर होत्या यार. पण उसळ 'लागली' म्हणजे?"

"करपली."

"अच्छा."

प्रोग्राम तिनेच लिहिला. नियम साधा. कॅसेटींत ज्या शब्दामागून जो आला असेल, तोच तिथे ठेवायचा. दुसरा ठेवताच येत नाही. तिने पहिला शब्द दिला, पाणी. पडद्यावर आलं: पाणी आलं मला उठव उभी काय राहिलीस.

ती हसली. मी खुर्चीची पाठ धरली. हे तू इस्पितळात म्हणाली होतीस, शेवटच्या दिवशी, भर दुपारी. खोलीत फक्त मी होते. मी म्हटलं होतं, झोप, इथे पाणी भरायचं नाही.

मी घाबरत बसत नाही, तपासते. 'पाणी आलं' कॅसेटींत जागोजागी आहे. 'बाबांना उठव, उभी काय राहिलीस' हे तर मलाच असायचं. 'आलं मला' ही जोडीही सापडली. 'मला उठव' कुठेच नाही. असणार कसं? घरात सगळ्यांच्या आधी तू उठायचीस. प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला, चूक नाही. कॅसेटी पुन्हा ऐकल्या. एका ठिकाणी तू बोलता बोलता थांबतेस, भांडं खाली ठेवतेस, आणि कुणाला तरी हळूच 'हो' म्हणतेस. त्याआधीच तू आजीला सांगितलेलं आहेस की घरात कुणी नाही.

आठवड्यापूर्वी विभागप्रमुखांनी विचारलं, "मॅडम, मराठीवाला डेटा कब दे रही हैं? बच्चे हर साल यूज करेंगे."

दर वर्षी नवी मुलं तुला पहिला शब्द देणार, आणि तुला उत्तर द्यावं लागणार. ते मी होऊ देणार नाही. विद्यार्थिनीला सांगितलं, मजकूर सदोष आहे. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

आज विभागात जमा केलं: विषयाची आखणी, सरावाचे प्रश्न, प्रोग्राम, आणि तुझ्या बोलण्याऐवजी माझं, आठवडाभर घरात बोलून उतरवलेलं. तुझा मजकूर विद्यार्थिनीच्या संगणकावरून पुसला. माझ्या संगणकावर ठेवला आहे. त्याला मी अजून पहिला शब्द दिलेला नाही.