रजेच्या दिवशीची नोंद

सर,

गेले सहा दिवस माझ्या टेबलावर एक फॉर्म पडून आहे. आमच्या ऑफिसला डेटाबेस सांभाळायला एक माणूस हवाय आणि त्याच्यासाठी अट काय घालायची ते मी ठरवायचं आहे. छापील दोन चौकोन आहेत. एक ‘प्रमाणपत्र आवश्यक’, दुसरा ‘प्रत्यक्ष अनुभव पुरेसा’. एकावर खूण करायची, खाली सही करायची. मी एकही परीक्षा न देता आयुष्यभर हेच काम केलं हे इथे सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे मीच ते सगळ्यांना सांगत आलोय. त्यामुळे मी खूण कुठे करणार याबद्दल कोणाला शंका नव्हती. मलाही नव्हती. पेन हातात घेतलं आणि का कोण जाणे, तुमची लाल वही आठवली. घरी येऊन माळ्यावरून ती काढली आणि तेव्हापासून माझं काही खरं नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं आपलं ऑफिस आता उरलेलं नाही. खाली गोदाम, वर पत्र्याखाली काचेची एक खोली, त्या खोलीत सर्व्हर, एक घरघरणारा एसी आणि तुम्ही. कुठली प्लेट कुठल्या रांगेत आहे, कधी आली, कुठल्या ट्रकवर चढली, सगळं त्या डेटाबेसमध्ये. तुम्ही मूळचे खालचे. आधी गोदामात प्लेटांवर खडूने नंबर टाकायचात, मग ते नंबर कागदावर उतरवायला लागलात, मग कॉम्प्युटरवर. मी कॉलेज सोडलेला. पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या टायपिंग क्लासात एक जुना कॉम्प्युटर होता, त्याच्यावर माझं मीच शिकलो. मुलाखतीत तुम्ही माझ्या मार्कशीटकडे बघितलंही नाहीत. विचारलंत, डेटाबेस कधी बिघडवलायस का? मी म्हटलं, दोनदा. परत उभा केलास? दोन्ही वेळा. सोमवारपासून ये, म्हणालात. ही मुलाखत मी आजवर इतक्या लोकांना सांगितली आहे की तिच्यातला तुमचा आवाज आता थोडा माझ्यासारखा झालाय.

पहिल्या दिवशी लाल वही दाखवलीत. डेटाबेसमध्ये काही बदलायचं तर आधी वहीत लिहायचं. तारीख, वेळ, काय, का, आणि सही. मग की-बोर्डला हात. मी म्हटलं, सर, नंतर लिहिलं तर काय बिघडतं? तुम्ही खिडकीतून खाली गोदामाकडे बोट दाखवलंत. “प्लेट आधी हलवली आणि नंबर नंतर टाकला, तर तो नंबर प्लेटचा नसतो. आपल्या आठवणीचा असतो.” मी तेव्हा मान हलवली. मनात म्हटलं, माझी आठवण चांगली आहे.

मग ते पुण्याचे गृहस्थ आले. मालकांनी त्यांना मुद्दाम आणलं होतं, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं. ते त्यांनी फ्रेम करून टेबलामागे लावलं आणि त्याच दुपारी मी त्यांचं नाव फ्रेमसाहेब ठेवलं. माणूस वाईट नव्हता. हळू बोलायचा, पुस्तकात बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायचा. मला ते बोट सहन व्हायचं नाही. कोणी काही विचारलं की मी म्हणायचो, त्यांना विचारा, ते पान नंबर सांगतील. कागदांसाठी वर आलेले सगळे हसायचे. तुम्ही हसायचात का, हे आठवायचा मी या आठवड्यात फार प्रयत्न केला. तुम्ही चष्मा पुसत असायचात एवढंच आठवतं.

त्यांनी आल्या आल्या एक सोय केली होती. डेटाबेस प्रत्येक बदल एका फाइलमध्ये टिपत जातो. ती भरली की दुसरी, मग तिसरी, आणि मग फिरून पहिलीवरच लिहायला लागतो, जुनं पुसून. फ्रेमसाहेबांनी असं केलं की पुसलं जाण्याआधी प्रत्येक फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जाऊन बसावी. त्याला आर्काइव्ह म्हणायचं. मुख्य डिस्क मेली, तर दर शनिवारी सगळ्या डेटाबेसची नक्कल घ्यायचो त्या टेपवर या प्रती चढवायच्या की शेवटच्या मिनिटापर्यंतचं काम परत मिळतं. मी म्हटलं, डिस्क मरेल तेव्हा बघू.

एका गुरुवारी तुम्ही रजेवर आहात. तुमच्या आईचं वर्षश्राद्ध. फ्रेमसाहेब मशीनच्या सुट्या भागांसाठी मुंबईला गेलेत. खोलीत मी एकटा, आणि सव्वाअकराला सगळं थांबतं. प्रती ठेवायची ती डिस्क भरली होती. प्रत ठेवायला जागा नसेल तर डेटाबेस पुढे लिहीतच नाही, जागच्या जागी उभा राहतो. खाली ट्रक लागलेले. मुकादम जिन्यावरूनच ओरडतो, “ओ शेठ, तुमचा डबा उठला का नाय? गाडी भरलेली हाय, कागद नाय.” जुन्या प्रती टेपवर उतरवून जागा करायची, हा सरळ उपाय होता. अर्धा-पाऊण तास लागला असता. तुमच्या घरी फोन होता. मी तुम्हाला फोन केला नाही आणि अर्धा तासही घालवला नाही. मी आर्काइव्ह बंद करून टाकलं आणि डेटाबेस पुन्हा चालू केला. अकरा मिनिटांत. लोक दहा म्हणायचे, पण मी घड्याळ लावलं होतं. मुकादम चहा घेऊन वर आला. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे, हे कबूल केलं पाहिजे.

वहीत मी काही लिहिलं नाही. संध्याकाळी जागा करून परत चालू करायचं आणि मग दोन्ही नोंदी एकदमच करायच्या, असं ठरवलं होतं. संध्याकाळी विसरलो. शुक्रवारी आठवलं, पण तुम्ही समोर बसला होतात, आणि काल मी तो डबा कसा उठवला ते मुकादम तुम्हाला रंगवून सांगत होता. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “काय विश्वकर्मा, वहीत काही लिहायचंय का?” मी म्हटलं, नाही सर, किरकोळ होतं. असं एकदा म्हटल्यावर पुढच्या दिवशी कसं लिहिणार?

त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी मुख्य डिस्क मेली. शनिवारची टेप चांगली होती. सोमवारपासूनचं मात्र काही म्हणजे काही नव्हतं. फ्रेमसाहेबांनी प्रती शोधल्या, मग माझ्याकडे बघितलं, आणि नेहमीच्याच हळू आवाजात विचारलं की आर्काइव्ह कोणी बंद केलं. मालक दारात उभे होते. मी तोंड उघडलं होतं, सर. उघडलं होतं असं मला वाटतं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “मी केलं. वहीत आहे.” आणि वही उघडून पुढे केलीत. गुरुवार, सव्वाअकरा, आर्काइव्ह बंद केले, कारण डिस्क भरली, आणि तुमची सही. फ्रेमसाहेबांनी ती नोंद वाचली. त्या गुरुवारी तुम्ही रजेवर होतात हे त्यांना माहीत होतं, मस्टर त्यांच्याच टेबलावर असायचं. तरी वही मिटून त्यांनी तुमच्या हातात दिली. त्यांना फ्रेमसाहेब म्हणणं मात्र मी त्यानंतरही सोडलं नाही.

मग तीन दिवस सगळं गोदाम हाताने मोजलं. तुम्ही खडू घेऊन पुढे, माथाडी कामगार प्लेटा उचलताहेत, मी मागून लिहितोय. तुमचा शर्ट गंजाने तांबडा झालेला. चौथ्या दिवशी मालकांनी सांगितलं की यापुढे त्या खोलीत प्रमाणपत्राशिवाय कोणी प्रमुख असणार नाही. तुम्हाला खाली गेटच्या केबिनमध्ये बसवलं, निवृत्तीपर्यंत. मी वरच राहिलो, कारण फ्रेमसाहेब म्हणाले, हाताचं काम येणारा एक माणूस मला लागेल. आणि मी जगाला काय सांगत राहिलो, तर प्रमाणपत्रवाल्यांनी माझ्या सरांची खुर्ची घेतली.

तुमच्या सहीचा अर्थ मी तेव्हाच लावून टाकला होता. डिस्क मेल्यावर, मालक यायच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत तुम्ही घाईघाईने ती नोंद केलीत, मला वाचवायला. गोदाम बंद झालं तेव्हा वही मी घरी आणली ती त्या एका पानासाठी. पण ते पान नीट बघितलं परवाच. तुमच्या नोंदीच्या खाली शनिवारच्या टेपची नोंद आहे, माझ्या अक्षरात. त्याखाली सोमवारची, तीही माझीच. मधे दाटी नाही, खाडाखोड नाही, प्रत्येक नोंद आपापल्या ओळीत. म्हणजे तुम्ही ते शुक्रवारीच लिहिलं होतंत. मी किरकोळ म्हणालो त्याच दिवशी. आणि शनिवारी, सोमवारी मी त्याच पानावर, त्याच्याच खाली लिहिलं, वरची ओळ न वाचता. बारकाव्यांबद्दल सगळ्यांना टाकून बोलणारा मी.

आता हेच कळत नाही. शुक्रवारी तुम्हाला माहीत होतं, तर गुरुवारपर्यंत तुम्ही आर्काइव्ह परत चालू का केलं नाहीत? मी स्वतः येऊन सांगेन म्हणून थांबला होतात? की तुम्हालाही ते माझ्यासारखंच पुस्तकी वाटत होतं, डिस्क मरेल तेव्हा बघू? पहिलं खरं असेल तर तुमची खुर्ची माझ्या तोंडाने घेतली. दुसरं खरं असेल तर त्या खोलीत बरोबर एकटे फ्रेमसाहेब होते आणि आपण दोघं अडाणी. मला दोन्हीपैकी एकही नकोय. रात्री पहिलं पटतं, सकाळी दुसरं. आणि टेबलावर ते दोन चौकोन.

निवृत्तीच्या आधी तुम्ही मला घरी बोलावलंत, तलावाजवळच्या. स्वयंपाकघरातच बसलो, काकू थालीपीठ लावत होत्या. तुम्ही फळीवरून डब्यांमागून एक जाड पुस्तक काढलंत, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं. परीक्षेचं पुस्तक. आत आर्काइव्हच्या प्रकरणात एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं. परीक्षा दे, म्हणालात. मी म्हटलं, सर, तुम्हीच तर म्हणायचात की काम हाताने येतं. तुम्ही थालीपिठाचा तुकडा मोडत म्हणालात, “मी काय म्हणायचो ते राहू दे. खुणेचं तेवढं वाच.” काकू म्हणाल्या, अहो, आधी जेवू तर द्या त्याला.

पुढे गेटवर तुम्ही एकदाच विचारलंत, वाचलंस का. मी म्हटलं, वाचलं. पटलं? पटलं. तुम्ही बरं म्हणालात आणि ट्रकचा नंबर लिहायला वाकलात. त्यानंतर दोनच वर्षं होतात तुम्ही.

आर्काइव्ह मी पुढे शिकलो, तेही हातानेच, आणखी दोन ठिकाणी फटके खाऊन. पुस्तक अजून कपाटात आहे, तिकीट जागच्या जागी. फॉर्म उद्या द्यायचा आहे आणि मी अजून कुठेच खूण केलेली नाही. हे कागद वहीत ठेवून देईन. पण एक सांगतो. ते प्रकरण मी वाचलं नव्हतं, सर. त्या दिवशी घरी जाऊन खुणेचं पान उघडलं आणि फक्त समास बघितले, तुम्ही पेन्सिलीने माझ्याबद्दल काही लिहिलंय का ते. काही नव्हतं. म्हणून मिटून ठेवलं.