दुसऱ्या भागासाठी पाडलेली भिंत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा – चौतीस वर्षे चष्म्याच्या दुकानात भिंगे घासली, आता निवृत्त, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी दमदाटी केलेली नाही, आणि हा कागद मी वैतागून, पण पूर्ण विचार करून करत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. कारण नसते तर त्यांनी ते तीनदा सांगितले नसते.

डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो लिहिताना डॉक्टरांनी विचारले, "दुपारचा वेळ कसा घालवता?"

"गोळ्या झाडते."

"गोळ्या घेता, असं म्हणायचंय ना?"

"त्या सकाळी घेते."

दाखला मिळायला त्यामुळे दहा मिनिटे जास्त लागली.

सर्वांची पूर्ण नावे व पत्ते जोडपत्रात आहेत. मजकुरात मी घरातल्या हाकाच वापरल्या आहेत. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, वय वर्षे त्र्याहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त ऑपरेटर, अविवाहित, हिला यापुढे 'वन्सं' म्हटले आहे, कारण मी तिला तशीच हाक मारते. म्हणजे मधली अकरा वर्षे वगळता.

वकीलबाईंचे म्हणणे पडले की हा कागद दोन पानांत बसतो. माझ्या नवऱ्याचे मृत्युपत्र साडेसहा ओळींचे होते. त्या साडेसहा ओळींनी घरात काय केले ते मी भोगले आहे. तेव्हा पाने मोजू नयेत.

कलम १. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. पुतण्या (पाहा कलम ७) असा एखादा कागद दाखवू लागला तर तो खोटा समजावा.

कलम २. माझे राहते घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली (या दोन्ही आता एकच), स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वरची गळकी गच्ची, हे सर्व मी वन्संना पूर्ण मालकीने देते. 'हयातीपुरते' असा शब्द वकीलबाईंनी सुचवला होता. तो मी खोडला आहे.

कलम ३. खेळायचे जुने यंत्र, दोन कंट्रोलर आणि आत कायमची अडकलेली एक डिस्क, हेही वन्संना.

हे यंत्र आमच्याकडे कसे आले ते लिहिणे भाग आहे. माझा नवरा टीव्ही दुरुस्त करायचा. एका गिऱ्हाइकाने हे यंत्र दुकानात टाकले ते परत फिरकलेच नाही. नवऱ्याने ते चालू केले, घरी आणले आणि बहिणीला सोबत घेऊन खेळायला बसला. परक्या चंद्रावरची एक खाण, तिथे अडकलेले दोन शिपाई, एक हिरव्या चिलखतातला, एक तांबड्या, आणि जमिनीतून निघणारे सहा पायांचे प्राणी, ज्यांना आम्ही झुरळे म्हणतो. पडदा मधोमध कापलेला. वरच्या अर्ध्यात एकाचे डोळे, खालच्या अर्ध्यात दुसऱ्याचे. साठीला टेकलेली दोन भावंडे सोफ्यावर बसून ओरडायची, आणि मी आतून म्हणायची, जरा हळू.

नवरा गेला. महिन्याभराने वकिलाने ते साडेसहा ओळींचे मृत्युपत्र वाचून दाखवले. घर बायकोला. बहिणीचे नावसुद्धा नाही. वन्सं मला एवढेच म्हणाल्या, "बरं लिहून घेतलंस." मग मागच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावले. एकतीस वर्षे ज्या बाईने जगाचे बोलणे जोडून दिले, तिने माझ्याशी बोलणे तोडले.

दुपारी तीनला मात्र त्या पुढच्या खोलीत यायच्या, कारण टीव्ही तिथे होता. एकट्या खेळायच्या. वर त्या लढायच्या, खाली भावाचा तांबडा शिपाई नुसता उभा. दोन मिनिटांत झुरळे त्याला खायची. एक मेला की खेळ पुन्हा पहिल्यापासून. असे तीन आठवडे चालले. मी झाडू मारता मारता बघत होते. दया आली म्हणून लिहिले तर खोटे होईल. मला चीड आली. एका दुपारी झाडू टेकवला, दुसरा कंट्रोलर उचलला आणि त्या शिपायाला निदान भिंतीआड नेले.

वन्संनी पडद्यावरची नजर काढली नाही. म्हणाल्या, "गोळी उजव्या बोटाला."

पुढची अकरा वर्षे आमचे बोलणे एवढेच: "डावीकडे." "मागे बघ." "माझ्या गोळ्या संपल्या." "थांब, मी येते." पाच वाजता यंत्र बंद झाले की दोघी मूग गिळून आपापल्या खोलीत. दोन घास एका ओट्यावर शिजायचे, ते दोन पातेल्यांत. त्या एकाच डिस्कवरची खाण आम्ही किती वेळा सर केली त्याची गणती नाही.

कलम ४. नवीन यंत्रे दोन, टीव्ही दोन, त्याच खेळाच्या दुसऱ्या भागाच्या डिस्क दोन. माझा संच मी भिंत पाडणाऱ्या गवंड्याच्या बायकोला देते, तिला हवा असेल तर. तिने एकदा तासभर मागे उभे राहून बघितले आणि जाताना "उद्या किती वाजता?" असे विचारले, म्हणून.

दुसरा भाग येणार, असे कंपनीने जाहीर केले तेव्हा आमच्या खेळण्याला दोन वर्षे झाली होती. मग चार वेळा पुढे ढकलला. नऊ वर्षे! एवढ्या वेळात मी निवृत्त झाले, वन्संच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. शेवटी गेल्या वर्षी तो आला. मी खेळांच्या दुकानात पहिल्या दिवशी हजर.

दुकानदार म्हणाला, "मावशी, यात एका पडद्यावर दोघांना खेळता येत नाही. काढून टाकलंय ते. दोन यंत्रं लागतील, दोन टीव्ही, दोन डिस्क."

"अरे, घर एकच आहे आमचं."

"तुमच्या घराचं कंपनीला काय?"

त्याचा दोष नाही. पण ज्या कोणी शहाण्याने बैठकीत बसून ठरवले की आता दोन माणसे एका सोफ्यावर बसत नाहीत, त्याला माझ्या इस्टेटीतला खिळासुद्धा मिळू नये, हे मी इथे नमूद करते.

मी एक संच घेतला. दुसऱ्या दिवशी वन्संनी न सांगता दुसरा आणला आणि मागच्या खोलीत लावला. मध्ये भिंत. कानाला हेडफोन. वन्संचा आवाज दहा फुटांवरून यायचा, पण कंपनीने तो आधी कुठे तरी लांब फिरवून मग माझ्या कानात घालायचे ठरवले होते. त्यामुळे त्यांचे प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू यायचे, एकदा भिंतीतून दबके आणि मग कानात.

तिसऱ्या टप्प्यात एक पोलादी दार आहे. दोघींनी दोन टोकांच्या कळा एकाच क्षणी दाबल्या तरच ते उघडते. वन्सं मोजायच्या, "एक, दोन, तीन." कुठल्या तीनला दाबायचे? चौदा वेळा प्रयत्न केला, चौदा वेळा झुरळांनी खाल्ले. मग वन्संनी पलीकडून भिंतीवर मूठ आपटली. माझ्या बाजूचा पोपडा गळून खाली पडला.

कलम ५. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गवंडी दारात, खांद्यावर घण.

"कुठली भिंत?" त्याने विचारले.

"कसली भिंत?" मी म्हटले.

"ही," मागून वन्सं म्हणाल्या.

मी म्हटले, "माझ्या घराची भिंत पाडायला तुम्ही परस्पर माणूस आणलात?" खेळाबाहेरचे माझे अकरा वर्षांतले हे पहिले पूर्ण वाक्य.

"तुझं घर! त्याला शेवटी धड पेन धरता येत नव्हतं, तेव्हा लिहून घेतलंस."

"मी त्या दिवशी दुकानात होते, भिंगं घासत. मला तुमच्याबरोबरच कळलं. वकिलानं वाचलं तेव्हा तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते मी!"

वन्सं म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही दार लावून घेतलंत."

"लावलं होतं. कडी घातली नव्हती."

अकरा वर्षे मी त्या दाराला एकदाही हात लावून पाहिला नव्हता, हे खरे आहे. रागाने उभी होते, नुसती उभी.

गवंड्याने मधल्या मध्ये भिंत ठोकून पाहिली. म्हणाला, "बाई, पाडू की दुसऱ्या कामावर जाऊ? हिच्यावर कसलाच भार नाही. उगाच उभी आहे."

मी म्हटले, "पाड."

"थांब," वन्सं म्हणाल्या, "आधी टीव्ही झाकू दे."

दोघींनी मिळून चादरी टाकल्या. तीन दिवस घरभर धुरळा. चौथ्या दिवशी दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी मांडले, हेडफोन काढून कपाटात टाकले. ते दार पहिल्या झटक्यात उघडले. पलीकडे तसेच दुसरे दार होते. ही त्या कंपनीची अक्कल.

ती भिंत पुन्हा बांधू नये. ही अट नाही, विनंती आहे, कारण वन्संना अट घातली की त्या नेमके उलट करतात.

माझा नवरा वाईट नव्हता. त्याला वाटले असणार, बायको बहिणीला सांभाळेलच, ते काय लिहायचे! तेच लिहायचे असते. निदान तोंडाने सांगायचे असते. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचा मला अजून संताप येतो.

कलम ६. माझी हत्यारे: मोजपट्टी, तीन कानशी, बारीक पेचकस सात, डोळ्याला लावायचे भिंग. ही चष्म्याच्या दुकानातल्या नव्या कारागीर मुलीला द्यावीत. ती हात धुतल्याशिवाय काचेला शिवत नाही. त्या बदल्यात तिने दर दोन वर्षांनी वन्संचा खेळायचा चष्मा तपासून द्यावा. अंतर साडेसात फूट, सोफ्याच्या पाठीपासून पडद्यापर्यंत, मी दोरी लावून मोजले आहे. पहिला चष्मा मी आमचे बोलणे बंद असतानाच घासून सोफ्याच्या हातावर ठेवला होता. वन्संनी तो काही न विचारता घातला. त्या दिवशी आम्ही प्रथमच खाणीच्या तळाला पोचलो.

कलम ७. पुतण्या. माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा, वय बेचाळीस, येतो तेव्हा गच्चीची लांबीरुंदी पावलांनी मोजतो. भिंत पाडल्यावर आला तेव्हा म्हणाला, "काकू, हे वय आहे का? आत्याला एखाद्या आश्रमात ठेवू, तुम्ही माझ्याकडे या, घराचं मी बघतो." वन्सं पडद्यावरून मान न वळवता म्हणाल्या, "बाजूला हो, दिसत नाहीये."

दुसऱ्या भागाबद्दल मी कंपनीला तीन पानी तक्रार लिहिली होती. त्यांचे उत्तर असे: 'आपले मत आमच्यासाठी अत्यंत मोलाचे आहे. आपण दाखवलेल्या जिव्हाळ्याबद्दल आभार.' ते पत्र मी पुतण्याला देते. या मृत्युपत्राला हरकत घ्यावीशी वाटल्यास त्याने हेच आमचे उत्तर समजून वाचावे.

कलम ८. बँकेतली ठेव वन्संच्या औषधपाण्याला आणि गच्चीच्या दुरुस्तीला.

कलम ९. तिसरा भाग. दुसरा भाग आम्ही गेल्या महिन्यात संपवला. सगळे करून सवरून, शेवटचा राक्षस लोळवून, शिपाई यानात बसले, यान उडाले आणि पडद्यावर अक्षरे आली: पुढची कथा तिसऱ्या भागात. नऊ वर्षे थांबवून अर्ध्यावर सोडले! वन्संनी कंट्रोलर आपटला. मी हसले, आणि मग छातीत कळ आली. त्या कळेचा पुढचा हिशेब गुरुवारी.

तिसरा भाग निघेल तेव्हा वन्संनी तो घ्यावा. मी असले तर उत्तमच. नसले तर माझ्यासाठी खेळ बंद ठेवू नये. शोक म्हणून तर अजिबात नाही. मला त्यांचा दार लावून केलेला शोक एकदा बघून पुरे झाला आहे.

कलम १०. (हे वकीलबाईंच्या ऑफिसात हाताने वाढवले.) वन्संना बाहेर बाकावर बसायला सांगितले होते. त्या आत आल्या आणि टेबलावरचे पेन उचलून म्हणाल्या, "साक्षीदार लागतात ना? मी करते सही."

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार होता येत नाही."

वन्संचे पेन तिथेच थांबले. "म्हणजे माझं नाव आहे यात?"

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले.

"काय आहे?"

"घर," मी म्हटले.

वन्सं खुर्चीत बसल्या. मग वकीलबाईंना म्हणाल्या, "ते खोडा. मला सही करायचीय."

"अहो आजी, अख्खं घर आहे."

"घराचं राहू दे. मागच्या वेळी मला कुणी बोलावलंच नव्हतं. लिहून झाल्यावर ऐकायला नेऊन बसवलं फक्त."

वकीलबाईंनी कायदा दाखवला. वन्संनी तो बाजूला सारला. अकरा वर्षे मी समजत होते की हे घरावरून आहे. इतकी वर्षे बारीक नजरेचे काम करून मला हे दिसले नाही.

मी म्हटले, "वन्सं, मी बोलावतेय. बसा इथे. सगळं वाचून दाखवते, मग खाली सही करा. सहीपुढे काय लिहायचं ते तुम्ही ठरवा."

सगळे वाचून दाखवले. मधे दोनदा त्यांनी "हं" म्हटले. कलम नऊला माझ्या हातातून कागद घेतला, स्वतः पुन्हा वाचला आणि परत दिला. त्यानंतर यातले काही खोडलेले नाही.

ठिकाण: वकीलबाईंचे ऑफिस, दुसरा मजला.
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार.

(सही) लिहून ठेवणार

आमच्या देखत सही झाली:
(सही) साक्षीदार क्रमांक एक, चष्म्याच्या दुकानाचा मालक
(सही) साक्षीदार क्रमांक दोन, दाखला देणारे डॉक्टर

(सही) थोरली नणंद. साक्षीदार नाही. बोलावले म्हणून हजर होते.